पुसलेल्या कॅसेटमधला निरोप

पुसलेलं परत ऐकता येतं, ही बातमी माळदवाडीत पोचली तेव्हा दिनकरआप्पा खबाले ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सूचना चालली होती. कराडला युद्धस्मृती संग्रहाचं केंद्र उघडलंय. ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत होतं त्यांनी जुनी पत्रं, फोटो, कॅसेटी जपून ठेवल्या असतील तर दाखवाव्यात. उद्या सकाळी शाळेत केंद्राच्या बाई येऊन माहिती देतील. कॅसेट तुटलेली असली, तिच्यावर दुसरं काही भरलेलं असलं, तरी टाकून देऊ नये.

आप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली. सन २०४१ चा मार्च होता आणि आप्पांना एक्याऐंशीवं लागलं होतं. साखर कारखान्यात फिटर म्हणून अडतीस वर्षं काढलेल्या या माणसाला यंत्राची भीती कधी वाटली नव्हती. ती त्या दिवशी वाटली, कारण त्रेपन्न वर्षांपूर्वी त्यांनी एक कॅसेट पुसली होती आणि ते आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

कॅसेट त्यांच्या धाकट्या भावाची, हणमंताची. हणमंता फौजेत होता. सत्याऐंशी साली आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तिच्याबरोबर तोही गेला. अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये तार आली आणि पाठोपाठ अस्थी आल्या. तेरावं होऊन दोन दिवस झाल्यावर पोस्टमननं एक पुडकं आणून दिलं. हणमंतानं मरणाआधी पाठवलेली कॅसेट वाटेत कुठंतरी रखडून आता पोचली होती. कॅसेटवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आईस व घरच्या सर्वांस.’

आई तार आल्यापासून अंथरुणाला खिळली होती. आधी आपण ऐकावं, मग तिला ऐकवावं, असं म्हणून आप्पांनी मास्तरांच्या घरून टेपरेकॉर्डर आणला आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

पहिली दोन-तीन मिनिटं हणमंता खुशाली सांगत होता. मग त्याचा आवाज बदलला. एका वाडीत शिरताना कुंपणापलीकडून गोळ्या आल्या, आम्हीही झाडल्या, असं तो सांगू लागला. सगळं शांत झाल्यावर तो आत गेला, तर तिथं एक म्हातारी पडलेली होती. ‘आई, तुझ्याएवढीच गं. तुझ्यासारखीच बारीक. माझीच गोळी लागली तिला.’ आणि पुढं तो रडायला लागला. चोवीस वर्षांचा, तालमीत वाढलेला हणमंता लहान पोरासारखा हुंदके देत होता.

आप्पांनी टेप बंद केली. बाहेर चौकात गावकरी गावच्या कमानीला हणमंताचं नाव द्यायचं ठरवत होते. आत आई पडून होती. आप्पांनी टेप मागं नेली, रेकॉर्डची दोन बटणं एकदम दाबली आणि मोकळ्या खोलीतली शांतता अर्धा तास त्या टेपवर भरू दिली. मग थोडी फीत बाहेर ओढून चुरगाळली आणि सगळ्यांना सांगितलं, समुद्राच्या हवेनं खराब झालीय, काहीच वाजत नाही.

आई पंधरा वर्षांनी गेली. दर सव्वीस जानेवारीला हणमंताच्या फोटोला हार घालताना आप्पांच्या मनात ती म्हातारी यायची. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती यायची. आपला भाऊ एका निरपराध बाईचा जीव घेऊन मेला, आणि ते आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, हे ओझं त्यांनी बायकोलाही दाखवलं नाही. बायको जाऊनही आता चार वर्षं झाली होती.

चुरगाळलेली फीत हणमंताच्या बायकोनं, मालननं, पेन्सिलीनं गुंडाळून पुन्हा आत घेतली होती. ती कॅसेट तिनं आपल्या ट्रंकेत ठेवली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. तिनं दुसरं लग्न केलं नाही. अंगणवाडीत नोकरी धरली आणि शेजारच्याच दोन खोल्यांत राहिली. आता मालनबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि गावातली निम्मी माणसं त्यांच्यापुढं बसून अक्षर गिरवायला शिकली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत केंद्राच्या अफसाना मुलाणी आल्या. तिशीची, शांत बोलणारी बाई. त्यांनी एक कॅसेट उघडून फीत सगळ्यांना दाखवली.

“ह्या फितीवर लोखंडाच्या गंजासारखी बारीक भुकटी असते. त्यातला कण न् कण म्हणजे एक छोटं लोहचुंबक. आपण बोललो की यंत्र त्या चुंबकांना ठरावीक तऱ्हेनं वळवतं. त्यावर दुसरं भरलं की ते पुन्हा वळतात आणि पहिलं पुसलं जातं. पण दोन टेपरेकॉर्डर कधी अगदी सारखे नसतात. एकाचं डोकं, म्हणजे आवाज भरणारा भाग, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढं वर असतं, एकाचं खाली. त्यामुळं कडेला जुन्याची एक बारीक पट्टी शिल्लक राहते. तुम्ही पाटी ओल्या हातानं पुसायचा, आठवतंय? वाळल्यावर जुनी अक्षरं पांढुरकी दिसायची. तसंच हे.”

“मग ते ऐकायचं कसं?” कुणीतरी विचारलं.

“ऐकायचं नाही, आधी बघायचं. आम्ही फीत वाजवत नाही. तिच्यावर एक पातळ स्फटिक ठेवतो आणि त्यातून प्रकाश सोडतो. खाली चुंबक जसं असेल तसा तो प्रकाश वळतो. त्याचे लाखो फोटो काढतो. मग संगणक वरचा आवाज वेगळा करतो आणि कडेचा वेगळा.”

या यंत्रानं दोन वर्षांत बरीच उलथापालथ केली होती. एका घरात लग्नाच्या गाण्यांखाली एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या आजोबांचा आवाज सापडला, आणि त्या घरानं गावजेवण घातलं. दुसऱ्या एका घरात कीर्तनाखाली अशी काही कबुली निघाली की सख्खे भाऊ बोलेनासे झाले. पुसलं म्हणजे संपलं, या भरवशावर माणसं आयुष्यभर निवांत होती आणि तो भरवसाच गेला होता. काही ठिकाणी म्हातारी माणसं गुपचूप कॅसेटी जाळत होती, असंही आप्पांच्या कानावर आलं होतं.

संध्याकाळी मालनबाई ओसरीवर आल्या. हातात रुमालात गुंडाळलेली कॅसेट होती.

“आप्पा, ह्याच्यावर तर काही भरलेलंबी न्हाई. नुसती खराब झालेली. निघंल न्हवं काहीतरी?”

“बघू की,” आप्पा म्हणाले. “तुझे गुडघे दुखत्यात. दे, मी नेऊन देतो कराडला.”

मालनबाईंनी विश्वासानं दिली.

सोमवारी सकाळी आप्पा एसटीनं निघाले आणि कृष्णेच्या पुलाच्या अलीकडच्या थांब्यावरच उतरले. पुलाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. खाली पाणी संथ होतं. कॅसेट पाण्यात पडली असती तर आवाजही झाला नसता. घरी जाऊन सांगायचं होतं, गर्दीत पडली कुठंतरी. मालननं ते मान्य केलं असतं. तिनं त्यांचं सगळंच मान्य केलं होतं.

त्यांनी रुमाल सोडला. शाई फिकटली होती, पण अक्षर वाचता येत होतं. आईस व घरच्या सर्वांस. त्रेपन्न वर्षांपूर्वी ते आप्पांनी घाईत वाचलं होतं. आता ते पुलावर उभं राहून सावकाश वाचत राहिले. त्यानं ‘दिनूदादास’ लिहिलं नव्हतं. ‘सर्वांस’ लिहिलं होतं. त्या सगळ्यांपैकी मालन आणि आपण, दोघंच उरलोय.

एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. आप्पांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि केंद्राकडे चालू लागले.

अफसानांनी कॅसेट हातात घेतली, नोंद करायला सुरुवात केली, तेव्हा आप्पा म्हणाले, “बाई, ह्यावर काय हाय ते मला ठाऊक हाय. थोडंसं. ही खराब झालेली न्हाई. मी पुसलीय.”

त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अफसानांनी खुर्ची पुढं सरकवली.

“वारस कोण?” शेवटी त्या म्हणाल्या.

“त्याची बायको. मालन.”

“मग त्यांच्या परवानगीशिवाय मी हे उघडणार नाही. आणि आजोबा, तुम्ही त्यांना आधी सांगा. इथं येऊन यंत्राकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.”

त्याच दुपारी आप्पा मालनबाईंच्या दारात गेले. त्या सुपात ज्वारी निवडत होत्या. आप्पा उंबऱ्यावरच बसले आणि म्हातारीपासून कमानीपर्यंत सगळं बोलून गेले. मालनबाईंचे हात थांबले होते.

“माझ्याबद्दल काय म्हणाले ते?” त्यांनी विचारलं.

“मी पुढं ऐकलंच न्हाई, मालन.”

“किती ऐकलं?”

“पाच-सहा मिनिटं.”

“आणि कॅसेट कितीची?”

“त्या बाजूला तीस.”

मालनबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “म्हणजे बाकीची चोवीस मिनिटं तुमालाबी ठाऊक न्हाईत.”

“न्हाई,” आप्पा म्हणाले.

“रजा संपवून निघाले तवा मी स्टँडवर गेले नव्हते,” मालनबाई म्हणाल्या. “चार दिवस रजा वाढवा असं मी म्हणत होते, त्यांनी ऐकलं न्हाई. मी रुसून चुलीपुढनं उठलेच न्हाई. ते माझ्यावर राग धरून गेले आणि त्या रागातच मेले, असं मी आजपर्यंत धरून चाललेय आप्पा. त्या कॅसेटमध्ये माझं नाव असंल का, एवढंच मला बघायचं होतं.”

त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लोटलं.

आठ दिवस त्या बोलल्या नाहीत. सणावाराला आप्पांकडे येणारं त्यांच्या घरचं ताट गुढीपाडव्याला आलं नाही. आप्पांनी पुण्याच्या मुलाला फोन लावला आणि काहीच न सांगता ठेवला. त्यांनी स्वतःच पोळी लाटायला घेतली, ती तव्यावर फाटली, तशीच खाल्ली. एकदा आडावर दोघं समोरासमोर आले. मालनबाईंनी त्यांची कळशी भरून दिली, पण बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी त्या ओसरीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मी सही करून आलेय. शुक्रवारी बोलवलंय. रिक्षा सांगितलीय, तुमी पण चला.”

“मी कशाला?”

“‘सर्वांस’ लिहिलंय न्हवं?”

केंद्राच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि दोन लहान स्पीकर होते. यंत्र पलीकडच्या खोलीत होतं. तिथं कॅसेटची फीत काचेखाली पसरलेली दिसत होती.

“दोन आवाज आहेत,” अफसाना म्हणाल्या. “आधी वरचा ऐकवते. त्यात फार काही नाही, पण एक जागा आहे.”

स्पीकरमधून खोलीची खरखर आली. लांब कुठंतरी कोंबडी कलकलत होती. कुणीतरी नाक ओढत होतं. ते आपणच, हे आप्पांनी ओळखलं. मग दाराबाहेरून एक थकलेला आवाज आला.

“दिनू, काय म्हणतोय रं हणमंता?”

आणि तरुण दिनकरचा आवाज: “काय न्हाई आई. टेप खराब झालीया.”

आईचा आवाज आजवर कुठंच भरून ठेवलेला नव्हता. तिचे तीन फोटो होते, आवाज नव्हता. आणि आता मिळाला तो आपण तिच्याशी खोटं बोललो त्या क्षणाला चिकटून मिळाला. मालनबाई पुढं वाकल्या होत्या. “सासूबाई,” त्या हळू म्हणाल्या. “पुन्हा लावा एकदा.” अफसानांनी ती जागा तीनदा लावली.

मग खालचा आवाज सुरू झाला. तो पातळ होता, विहिरीतून आल्यासारखा, मधूनमधून तुटत होता. पण होता हणमंताचाच. खुशाली आली. कुंपण आलं, म्हातारी आली, आणि रडणं आलं. आप्पांनी डोळे मिटले. इथंच त्यांनी बटण दाबलं होतं.

रडणं बराच वेळ चाललं. मग हणमंतानं नाक पुसल्याचा आवाज आला.

“तर आई, म्हातारी जगली बघ. गोळी खांद्यातनं आरपार गेलीती. मी न् आमच्या एका गड्यानं तिला बाजेवर घालून दवाखान्यात नेली, दोन कोस. वाटंत मला शिव्या देत असंल, भाषा कळत न्हाई म्हणून बरं. रोज ड्यूटी संपली की बघायला जातो. पहिल्यांदा तोंड फिरवायची. काल मला केळं दिलं. मला तंबी म्हणती. तंबी म्हणजे धाकटा भाऊ, असं डॉक्टर म्हणाला…”

आवाज तुटला. अफसाना काही बोलणार तेवढ्यात परत जुळला.

“…तिचं लुगडं आमच्या गोळ्यांनी फाटलं. आई, तुझ्याकडनं एक लुगडं पाठव. तू नेसतीस तसलं, नऊवारी. इथं तसलं नेसत न्हाईत, पण म्हणू, माझ्या आईनं दिलंय…”

आप्पांचे खांदे हलायला लागले. ती मेली नव्हती. त्रेपन्न वर्षं ते ज्या म्हातारीचं मरण उरावर घेऊन फिरत होते, ती दवाखान्यात बसून त्यांच्या भावाला केळं देत होती. मालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष स्पीकरकडे होतं.

आवाज पुन्हा तुटला, पुन्हा आला. दिनूदादाला काहीतरी तालमीच्या छपराविषयी सांगत होता. म्हशीची चौकशी केली. आणि मग:

“मालन ऐकत असंल तर दादा, तू जरा भाईर जा.”

अफसानांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा उठायला लागले. मालनबाईंनी त्यांच्या मनगटाला धरून बसवलं.

“मालन, तू स्टँडवर आली न्हाईस ते बरं केलंस. आली असतीस तर मी गाडीत चढलोच नसतो. मागं वळून बघायलाबी कुणी न्हवतं, म्हणून गेलो. आता मेमध्ये रजा मिळंल. तवा रुसू नगंस, मी चार काय, आठ दिस वाढवून घेतो…”

पुढं तीन-चार शब्द कळले नाहीत. मग ‘तुझा’ एवढं आलं आणि खरखर सुरू झाली.

मालनबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला, डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर सोडतात तसा.

“चोवीसपैकी सतरा मिनिटं नीट मिळालीत,” अफसाना म्हणाल्या. “जिथं तुटलंय तिथं संगणक त्यांच्याच आवाजात अंदाजानं शब्द भरू शकतो. शेवटचं वाक्यसुद्धा. बरेच लोक भरून घेतात. करू का?”

“नको,” मालनबाई म्हणाल्या. “ते जेवढं बोलले तेवढंच ठेवा. तिथं काय म्हणाले असतील ते मी बघते माझं.”

“आणि रडल्याचा भाग? संग्रहात तो सगळ्यांना ऐकू येईल. हवं तर बंद ठेवता येतो.”

मालनबाई आप्पांकडे वळल्या. त्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “तुमी सांगा. तुमी झाकलं होतं.”

“राहू दे,” आप्पा म्हणाले. “पोरगं रडलं म्हणून तर दोन कोस चाललं.”

“मग तुमचंबी रेकॉर्ड करायचं. का पुसलं, ते तुमच्या तोंडानं.”

“करतो.”

ते रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात झालं. मालनबाई शेजारी बसल्या होत्या आणि आप्पा एखादी तारीख चुकले की त्यांना मध्येच थांबवत होत्या.

अफसानांनी हणमंताच्या बोलण्यातली वाडीची आणि दवाखान्याची नावं जुळवून जाफन्याकडच्या एका संग्रहाला लिहिलं. तिथंही काही शिक्षक लढाईच्या काळातल्या लोकांच्या आठवणी गोळा करत होते. उत्तर यायला महिना लागला. वाडी सापडली होती. म्हातारीचा नातू आता साठीला आला होता. आजी शहाण्णव सालापर्यंत जगली, असं त्यानं कळवलं होतं. खांद्याचा वण दाखवून ती सैनिकांना शिव्या द्यायची, आणि शिव्या देऊन झाल्या की म्हणायची, त्यातला एक मात्र रोज यायचा, मग एक दिवस यायचा थांबला. का थांबला हे तिला कधीच कळलं नाही. ते आता आम्हाला कळलं, असं शेवटी लिहिलं होतं. अफसानांनी ते पत्र मराठीत करून मालनबाईंना वाचून दाखवलं.

“शिव्या दिल्या ते बरोबरच केलं तिनं,” मालनबाई म्हणाल्या. मग पत्र हातात घेऊन: “नातवाच्या घरात बायकामाणसं असतीलच की.”

दुसऱ्या दिवशी दोघं लुगडं घ्यायला कराडच्या कापडपेठेत गेले. आप्पांना हिरवं हवं होतं. मालनबाई म्हणाल्या, सासूबाई हिरवं कधी नेसल्या, जांभळं घ्या. दुकानदार पोरगा त्यांची हुज्जत संपायची वाट बघत होता.

“आजी, नऊवारी आता ठेवत नाही आम्ही. कोण नेसतं? इचलकरंजीवरून मागवावं लागेल.”

“मागव.”

“आठ दिवस तरी जातील बघा. एवढा उशीर चालंल का?”

मालनबाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांच्या मिशीखाली आधी थोडं हललं, मग ते हसायलाच लागले, आणि त्यांना हसताना बघून मालनबाईंनाही आवरेना. पोरगा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

“चालंल बाळा,” मालनबाई डोळे पुसत म्हणाल्या. “आठ दिवसांचं काय एवढं.”